स्थगित, तहकूब की मुलतवी? काम थांबवल्याची नोटीस बिनचूक कशी काढावी

सोसायटीची सभा अर्ध्यावर थांबली, की नोटिशीत येते ‘सभा स्थगित’. नळाला पाणी येणार नसले तर ‘पाणीपुरवठा स्थगित’. देवळापुढचे नाटक पावसामुळे होणार नसले तर ‘नाट्यप्रयोग स्थगित’. सचिवाच्या हाताला एक शब्द बसला की तो सगळीकडे चालवला जातो, आणि रविवारी सकाळी दहा माणसे कुलूप लावलेल्या सभागृहासमोर उभी राहून एकमेकांना विचारतात, ‘आज आहे की नाही?’

यात केवळ भाषा बिघडत नाही. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. रद्द झालेल्या सभेची नोटीस पहिल्यापासून काढावी लागते. स्थगिती मिळालेला हुकूम मेलेला नसतो, स्थगिती उठली की तो जसाच्या तसा लागू होतो. शब्द चुकीचा पडला, तर नंतर एखादा सभासद तोच कागद दाखवून ठरावावर हरकत घेतो, आणि ती हरकत खोडायला अवघड जाते.

पुढच्या पायऱ्या संस्थांचे सचिव, देवस्थान समित्यांचे चिटणीस, सोसायट्यांचे पदाधिकारी, शाळा-वाचनालयांतले लिपिक आणि गावची बातमी पाठवणारे यांच्यासाठी आहेत. क्रम मोडू नका. शब्द सगळ्यात शेवटी निवडायचा असतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच चुकते: ते आधी शब्द लिहितात आणि मग त्याला वाक्य जुळवत बसतात.

१. टाइप करण्याआधी चार ओळी भरा

कोऱ्या कागदावर चार प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरे पूर्ण वाक्यात द्या.

पहिला: नेमके काय थांबले? ‘कार्यक्रम’ हे उत्तर चालणार नाही. जत्रोत्सवात अभिषेक असतो, महाप्रसाद असतो, पालखी असते, रात्रीचे नाटक असते. त्यातले फक्त नाटक होणार नसेल तर ‘फक्त नाटक’ असे लिहा. तसेच ‘सभा थांबली’ आणि ‘सभेतला सहावा विषय थांबला’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत.

दुसरा: सुरू झाल्यावर थांबले, की सुरू होण्याआधीच?

तिसरा: कोणी थांबवले, आणि कोणत्या अधिकारात? अध्यक्षांनी, समितीच्या ठरावाने, मामलेदारांच्या हुकमाने, न्यायालयाने, की पाइप फुटल्यामुळे आपोआप?

चौथा: पुन्हा कधी सुरू? तारीख ठरली असेल तर तारीख, नसेल तर कोणती गोष्ट झाली की सुरू होईल ते.

तपासा: तिसरी ओळ कोरी राहिली असेल तर नोटीस काढायचा अधिकार तुम्हाला अजून मिळालेला नाही. ‘अध्यक्षांनी फोनवर सांगितले’ हे उत्तर सभा पुढे ढकलायला पुरत नाही, विशेषतः सभा समितीच्या ठरावाने बोलावलेली असेल तेव्हा.

२. थांबलेली गोष्ट कोणत्या खणात बसते ते ठरवा

दुसऱ्या ओळीचे उत्तर ‘सुरू होण्याआधीच’ असेल, तर तीनच शक्यता उरतात. नवी तारीख आहे किंवा नक्की येणार आहे: ‘पुढे ढकलली’. एखादा विषय, अर्ज किंवा निर्णय आता हाती न घेता नंतरसाठी ठेवला: ‘मुलतवी ठेवला’. पुन्हा होणारच नाही, किंवा झाली तर नव्याने बोलावली जाईल: ‘रद्द’.

उत्तर ‘सुरू झाल्यावर’ असेल, तर काय सुरू होते ते पाहा. सभा, बैठक, सुनावणी, सभागृहाचे कामकाज थांबले तर ते तहकूब होते. वीज, पाणी, इंटरनेट, दूरध्वनी अशी वाहती सेवा तुटली तर ती खंडित होते. कार्यक्रमातच धरलेला थांबा म्हणजे मध्यंतर किंवा विश्रांती.

आणि थांबले ते काम नसून निर्णय, हुकूम किंवा त्याची अंमलबजावणी असेल, तर तिथे ‘स्थगित’. माणसाचा किंवा परवान्याचा अधिकार काही काळ काढून घेतला असेल, तर ‘निलंबित’.

सावधान: ‘प्रलंबित’ या यादीत नाही. प्रलंबित म्हणजे निकाल बाकी असलेले. ते कोणी थांबवलेले असतेच असे नाही. ‘तुमचा अर्ज स्थगित आहे’ आणि ‘तुमचा अर्ज प्रलंबित आहे’ यांतले पहिले वाक्य वाचून माणूस वकिलाकडे जाईल, दुसरे वाचून तो फक्त वाट बघेल. ‘रखडले’, ‘खोळंबले’, ‘लटकले’ हे शब्द बातमीत चालतात, कारण त्यांत दोष कोणाचा हे सुचवलेले असते. त्याच कारणाने ते नोटिशीत घेऊ नयेत.

३. सभा तहकूब करायची रीत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

क) गणपूर्तीचा (सभेला निदान किती सभासद हजर हवेत याचा) आकडा स्वतःच्या नियमांतून काढा

गोव्यात एकाच गावात पाच संस्था पाच वेगळ्या कायद्यांखाली चालतात. सहकारी संस्थेला गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ आणि तिचे उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम). नोंदणीकृत मंडळाला १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि मंडळाची घटना. देवस्थानाला १९३३ चे देवस्थान नियमन आणि त्याचा ‘कोंप्रोमिस’, म्हणजे देवस्थानाची स्वतःची नियमावली. कोमुनिदादीला, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेला, १९६१ ची संहिता. ग्रामसभेला गोवा पंचायत राज कायदा, १९९४. गणपूर्ती, थांबायची वेळ आणि दुसऱ्या सभेचे नियम या सगळ्यांत सारखे नाहीत. म्हणून शेजारच्या सोसायटीची नोटीस घेऊन नाव बदलून चिकटवू नका.

आकडा कसा काढतात याचा नमुना म्हणून विधानसभा घ्या. संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे गणपूर्ती दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा भाग, यांत जे जास्त असेल ते. गोवा विधानसभेत ४० सदस्य आहेत, दहावा भाग होतो चार. म्हणून आकडा दहाचा. तुमच्या उपविधीतही ‘जे जास्त असेल ते’ किंवा ‘जे कमी असेल ते’ असे शब्द असू शकतात. ते शब्द वाचल्याशिवाय डोकी मोजू नका.

ख) घड्याळ बघून नोंद करा

सभेची वेळ झाली तेव्हा किती जण हजर होते आणि थांबायची मुदत संपली तेव्हा किती, हे दोन्ही आकडे वेळेसह लिहा. हजेरी पुस्तकावर शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून तिथे वेळ टाका, म्हणजे नंतर आलेल्यांच्या सह्या वेगळ्या दिसतील. ही एक रेघ पुढचा अर्धा वाद वाचवते.

ग) गणपूर्ती नसताना दुसरे काहीही मंजूर करू नका

‘लोक आलेच आहेत तर हिशेब तेवढा मंजूर करून घेऊ’ हा मोह होतो. गणपूर्तीशिवाय भरलेल्या सभेला ठराव करता येत नाही. ती तहकूब झाल्याचे जाहीर करणे एवढेच काम तिथे उरते.

घ) तहकूब कोणी केली, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे जागेवरच जाहीर करा

अध्यक्षांनी तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: कारण (गणपूर्ती नाही, किंवा वेळ संपली आणि कामकाज उरले), पुढची तारीख-वेळ-जागा, आणि कोणते विषय उरले. कामकाज उरल्यामुळे सभा तहकूब होत असेल तर सभेची संमती घ्यायची की अध्यक्षांना स्वतःचा अधिकार आहे, हे उपविधीतून आधीच पाहून ठेवा.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १०३ मध्ये हे फार नेटके मांडले आहे, म्हणून कंपनी नसलेल्यांनीही ते वाचावे. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी भरते. संचालक मंडळाला दुसरा दिवस, वेळ किंवा जागाही ठरवता येते. तहकूब सभेची किंवा अशा बदलाची सूचना निदान तीन दिवस आधी द्यावी लागते. तहकूब सभेलाही अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर हजर असलेले सभासद हीच गणपूर्ती. मात्र सभासदांनी मागणी करून बोलावलेली सभा असेल आणि गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होत नाही, रद्दच होते. हा शेवटचा फरक सर्रास विसरला जातो.

सावधान: ‘गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची अट राहणार नाही’ ही ओळ कित्येक नोटिशींच्या तळाला छापलेली असते. उपविधीत तशी तरतूद असेल तरच तिला अर्थ आहे, आणि ती पहिल्याच नोटिशीत असायला हवी. सभेच्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिलेली ही ओळ कोणाला बांधत नाही.

ङ) इतिवृत्तात असे लिहा

चुकीचा नमुना: ‘सदस्य उपस्थित नसल्याने सभा स्थगित करण्यात आली. पुढील तारीख कळविण्यात येईल.’

यात कोणी केली ते नाही, किती जण होते ते नाही, तारीख नाही. शिवाय ‘सदस्य उपस्थित नसल्याने’ म्हणजे एकही माणूस आला नव्हता का?

बरोबर नमुना: ‘रविवार, दि. १४ जून २०२६ रोजी सकाळी १०.३० वाजता बोलावलेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेस ११.०० वाजेपर्यंत १७ सभासद हजर होते. उपविधीनुसार २५ ची गणपूर्ती न झाल्याने अध्यक्षांनी सभा तहकूब केली. तहकूब सभा रविवार, दि. २१ जून २०२६ रोजी सकाळी १०.३० वाजता याच सभागृहात भरेल. विषयपत्रिका तीच राहील.’

शेवटचे वाक्य गाळू नका. तहकूब सभा ही नवी सभा नसते, पहिल्याच सभेचा उरलेला भाग असतो. म्हणून पहिल्या विषयपत्रिकेत नसलेला विषय तिच्यात घुसवता येत नाही. नवा विषय घ्यायचाच असेल तर नवी सभा बोलवा, तिची नोटीस पूर्ण मुदतीची काढा.

तारखेचा आणखी एक मुद्दा. तहकूब सभेत झालेला ठराव कोणत्या दिवसाचा? कंपन्यांसाठी कलम ११६ स्पष्ट आहे: ठराव प्रत्यक्ष ज्या दिवशी मंजूर झाला त्या दिवसाचा, पहिल्या सभेच्या तारखेचा नव्हे. इतर संस्थांनीही इतिवृत्तात दोन बैठकांच्या दोन तारखा वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे बँकेत ठरावाची प्रत देताना अडत नाही.

तपासा: सभा सुरूच झाली नव्हती आणि तुम्ही आदल्या दिवशी ती थांबवत असाल, तर ती तहकूब नव्हे. उपविधीत पुढे ढकलण्याची तरतूद आहे का ते पाहा. नसेल तर सुरक्षित वाट अशी: ठरल्या वेळी सभा भरवा आणि तिथेच तहकूब करा. दोन-चार माणसांना फुकटचा हेलपाटा पडेल, पण कागद पक्का राहील.

विधानसभेची बातमी लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता: सभापती कामकाज तहकूब करतात, एका तासासाठी, एका दिवसासाठी किंवा अनिश्चित काळासाठी. सत्रसमाप्ती, म्हणजे अधिवेशन संपल्याचे जाहीर करणे, राज्यपाल करतात. विसर्जन, म्हणजे विधानसभाच संपणे, ही तिसरीच गोष्ट. सत्रसमाप्ती झाली म्हणून सभागृहापुढचे विधेयक बाद होत नाही (अनुच्छेद १९६), आणि एका सत्राची शेवटची बैठक व पुढच्या सत्राची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये (अनुच्छेद १७४). ‘गदारोळामुळे अधिवेशन स्थगित’ या मथळ्यात यातले नेमके काय झाले ते कळत नाही. बहुतेक वेळा दहा मिनिटांची तहकुबी असते.

४. विषय मुलतवी ठेवणे

सभा चालू आहे, फक्त एका विषयावर निर्णय होत नाही: तो विषय मुलतवी. ‘विषय क्र. ६ पुढील सभेपर्यंत मुलतवी ठेवण्यात आला’ एवढे पुरे. त्याच्यापुढे कोणी काय आणायचे ते लिहा: ‘खजिनदारांनी तीन दरपत्रके सादर करावीत.’ नाहीतर तोच विषय सभेमागून सभा त्याच शब्दांत मुलतवी पडत राहतो.

५. निर्णय, हुकूम, अंमलबजावणी: इथेच ‘स्थगित’

‘स्थगित’ची खरी जागा ही. निर्णय झालेला आहे, तो रद्द झालेला नाही, फक्त अमलात येणे थांबले आहे. समितीने देखभाल शुल्क वाढवायचे ठरवले आणि हरकती आल्यामुळे तीन महिने वाढ लावायची नाही असे ठरले, तर ‘शुल्कवाढीच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित’. ‘शुल्कवाढ रद्द’ असे लिहिलेत, तर तीन महिन्यांनी ती लावण्यासाठी नवा ठराव लागेल.

न्यायालयाच्या कागदावरून नोटीस करताना चार शब्द एकमेकांत मिसळतात:

– स्थगिती: हुकमाची, निकालाची किंवा कार्यवाहीची अंमलबजावणी थांबवली.
– मनाई हुकूम: एखाद्या पक्षाला एखादी कृती करण्यापासून रोखले.
– ‘जैसे थे’: त्या तारखेला जी स्थिती आहे ती कोणीच बदलायची नाही.
– पुढची तारीख: सुनावणी फक्त पुढे गेली. कोणालाच काही मिळालेले नाही.

चौथ्या प्रकाराला ‘न्यायालयाची स्थगिती’ म्हणून मिरवण्याची खोड दोन्ही बाजूंना असते. तसेच, अपील दाखल केले म्हणजे आपोआप स्थगिती मिळाली असे होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये हे स्पष्ट आहे. स्थगिती मागावी लागते आणि न्यायालयाने द्यावी लागते. ‘आम्ही गोवा खंडपीठात गेलो आहोत, त्यामुळे बांधकाम स्थगित’ अशी नोटीस फळ्यावर लावण्याआधी हुकमाची प्रत हातात आहे का ते पाहा, आणि तिच्यातले शेवटचे, प्रत्यक्ष आदेशाचे वाक्य शब्दशः उतरवा. स्वतःच्या भाषेत सांगायला जाऊ नका.

तपासा: वाक्यात ‘स्थगित’च्या आधी ‘अंमलबजावणी’, ‘कारवाई’, ‘निर्णय’, ‘हुकूम’, ‘वसुली’, ‘प्रक्रिया’ यांपैकी एखादा शब्द बसतो का? बसला तर शब्द बरोबर आहे. ‘पाणी’, ‘नाटक’, ‘बस’ असले काही येत असेल तर पुन्हा पायरी २ वर जा.

६. माणूस आणि परवाना: निलंबित

निलंबन ही शिक्षा नव्हे, चौकशी चालू असताना माणसाला कामापासून दूर ठेवणे आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६५ च्या नियमांतील नियम १० प्रमाणे ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित मानला जातो, आणि निलंबनाचा आढावा ९० दिवसांच्या आत घ्यावा लागतो. त्या काळात पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो. म्हणजे नोकरीचे नाते तुटलेले नसते. म्हणून ‘कामावरून काढले’, ‘बडतर्फ’, ‘निलंबित’ हे अदलाबदलीने वापरू नका. पहिल्या दोघांत नोकरी गेली, तिसऱ्यात नाही. संस्थेच्या फळ्यावर एखाद्याचे नाव घालून चुकीचा शब्द लावलात, तर बदनामीचा दावा येऊ शकतो.

परवान्याचेही तसेच. वाहन परवाना सहा महिने निलंबित म्हणजे मुदत संपल्यावर तोच परवाना परत चालू. रद्द म्हणजे तो संपला.

७. पाणी, वीज, फेरीबोट, मासेमारी

पाणी आणि वीज खंडित होतात. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलवाहिनीवर काम निघाले की सोसायट्यांचे गट मेसेजांनी भरतात, आणि त्यात ‘उद्या पाणी नाही’ एवढेच असते. तुमच्या इमारतीसाठी नोटीस काढताना तीन अवस्था वेगळ्या लिहा, कारण लोक टाकी भरायचे ठरवतात ते यावरून:

– खंडित: पाणी अजिबात नाही.
– कमी दाबाने: येईल, पण वरच्या मजल्यांवर चढणार नाही.
– अनियमित: येईल, वेळ सांगता येत नाही.

‘सोमवार, दि. १५ जून २०२६ सकाळी ९ ते मंगळवार, दि. १६ जून २०२६ सकाळी ६ पुरवठा खंडित राहील. त्यानंतर मंगळवारी दिवसभर कमी दाबाने येईल. सोमवारी सकाळी ८ च्या आत टाकी भरून घ्यावी.’ यात ‘दुरुस्तीच्या कारणास्तव तात्पुरत्या स्वरूपात स्थगित करण्यात येत आहे’ ही लांबलचक शेपटी कुठेच लागली नाही.

फेरीबोट, बस, लिफ्ट, वाचनालयाचा काउंटर यांना साधे ‘बंद’ पुरते. ‘बंद’ हा शब्द कमी दर्जाचा वाटून लोक ‘स्थगित’कडे वळतात. तसे करायचे काही कारण नाही. फक्त ‘बंद’ला मुदत जोडा, कारण मुदतीशिवायचे ‘बंद’ कायमचे वाटते.

मासेमारीला ‘बंदी’ असते. गोव्यात यांत्रिक बोटींवर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी सरकारी हुकमाने येते. ती कोणी ‘स्थगित’ केलेली नसते. वादळामुळे चार दिवस बोटी जेटीला लागल्या असतील तर तीही बंदी नव्हे, तो समुद्रात न जाण्याचा इशारा आहे. दोन्ही एकच समजून बातमी दिली की बाजारात मासळीचा भाव विनाकारण उसळतो.

८. जत्रा आणि नाटक

जत्रा तिथीवर बांधलेली असते, म्हणून ‘जत्रा पुढे ढकलली’ हे वाक्य जवळजवळ कधीच खरे नसते. पुढे जाते ते रात्रीचे नाटक, फुगडी स्पर्धा किंवा भजनाची बैठक. नोटिशीत आधी ‘धार्मिक विधी ठरल्याप्रमाणे होतील’ असे लिहा, मगच नाटकाचे सांगा. उलट क्रमाने लिहिलेत तर पहिली ओळ वाचूनच मुंबई-पुण्याहून येणारी कुटुंबे तिकिटे परत करतात.

प्रयोग चालू असताना पाऊस आला आणि थांबला, तर लगेच ठरवून माइकवर सांगा: अर्ध्या तासात पुढे सुरू, की आजचा प्रयोग इथेच संपला. ‘प्रयोग तूर्तास थांबवीत आहोत’ म्हणून माइक बंद केला तर निम्मे प्रेक्षक घरी जातात आणि निम्मे मंडपात भिजत बसतात. दुसऱ्या दिवशी उरलेला अंक करणार की पूर्ण नाटक पहिल्यापासून, हेही सांगा.

‘अपरिहार्य कारणास्तव’ टाळा. गावात कोणाचे निधन झाले म्हणून थांबवले असेल, तर घरच्यांना विचारून तसे लिहा. कारण दडवले की गावात तीन वेगळी कारणे फिरतात.

९. मुदत लिहिणे

शब्द बरोबर पडला आणि मुदत चुकली तर सगळे फुकट. नेहमीचे खड्डे:

‘पर्यंत’: ‘१० तारखेपर्यंत बंद’ म्हणजे दहा तारखेला उघडे की बंद? दोन्ही बाजू लिहा: ‘१० जूनपर्यंत, तो दिवस धरून, बंद. ११ जूनला सकाळी ९ वाजता उघडेल.’ दिवस मोजतानाही दोन्ही टोके धरली की नाही ते पाहा. १ जून ते ३१ जुलै हे ६० नव्हेत, ६१ दिवस भरतात.

‘आठ दिवस’: बोलण्यात आपण याचा अर्थ एक आठवडा घेतो, आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. नोटिशीत वाचणारा बोटांवर मोजतो. तारीख लिहा.

‘रात्री १२’: शनिवारची रात्र की रविवारची सुरुवात? ‘शनिवारी रात्री ११.५९ पर्यंत’ असे लिहिले की प्रश्न उरत नाही.

‘पुढील आदेशापर्यंत’: आदेश देणारा कोणी असेल तरच. सोसायटीचा सचिव आदेश देत नाही, सूचना देतो. आणि तारीख माहीत नसेल तर निदान पुढची माहिती कधी द्याल ते लिहा: ‘शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता पुन्हा कळवू.’

‘तात्पुरता’ आणि ‘बेमुदत’ एका वाक्यात: हे प्रत्यक्षात छापून येते. एक शब्द काढा.

सावधान: वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवून पाहा, आणि वर्ष लिहाच. व्हॉट्सॲपवर गेल्या पावसाळ्यातली नोटीस यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा फिरते. ‘सोमवारी शाळा बंद’ एवढेच लिहिलेली नोटीस तर कधीच शिळी होत नाही.

१०. लेखन तपासणे

स्थगित, खंडित, निलंबित, प्रलंबित: शेवटच्या ‘त’च्या आधीची वेलांटी ऱ्हस्व, चारही ठिकाणी. गोव्यात ‘स्थगीत’, ‘खंडीत’ फार दिसते, कारण कोंकणीत ‘आयोजीत’सारखी रूपे दीर्घ लिहितात आणि दोन्ही भाषा लिहिणारा हात एकाच सवयीने चालतो. नोटीस मराठीत असेल तर मराठीचे नियम पाळा. नाम मात्र दीर्घ संपते: स्थगिती.

तहकूब मध्ये ‘कू’ दीर्घ, तहकुबी मध्ये ‘कु’ ऱ्हस्व. ‘मुलतवी’ला ‘मुलतबी’ लिहू नका. ‘तहकूब करण्यात आलेली सभा’ऐवजी ‘तहकूब सभा’ चालते आणि छोटे पडते.

‘करण्यात आले आहे’ दिसले की तिसऱ्या ओळीचे उत्तर तिथे घाला. ‘सभा तहकूब करण्यात आली’ऐवजी ‘अध्यक्षांनी सभा तहकूब केली’. कर्ता लपवणारे वाक्य जबाबदारीही लपवते, आणि तक्रार मग खाली सही करणाऱ्या लिपिकाच्या माथी येते.

११. पुन्हा सुरू झाल्याची नोटीस

ही नोटीस बहुतेक जण काढतच नाहीत. तिच्यात पहिल्या नोटिशीची तारीख आणि क्रमांक द्या, आणि जे थांबले होते त्याच शब्दात सांगा: तहकूब सभा भरेल, मुलतवी विषय घेतला जाईल, स्थगिती उठली, निलंबन मागे घेतले, खंडित पुरवठा पूर्ववत झाला. ‘स्थगित सभा सुरू’ अशी सरमिसळ नको.

स्थगिती उठली असेल तर मधल्या काळाचे काय ते लिहा. तीन महिने शुल्कवाढ थांबली होती, तर त्या तीन महिन्यांची वाढ थकबाकी म्हणून वसूल होणार की सोडून देणार? हे आधीच्या ठरावात ठरले नसेल तर समितीत ठरवून घ्या, मग नोटीस काढा. वाद वाढीवर क्वचित होतो, या मधल्या थकबाकीवर हमखास होतो.

जुनी नोटीस फळ्यावरून काढा, तिच्यावर लावल्याची आणि काढल्याची तारीख टाकून दोन्ही प्रती एकाच फाइलीत एकामागोमाग लावा. गटात पाठवलेला जुना मेसेज पुसता येत नसेल तर त्यालाच उत्तर म्हणून नवी सूचना टाका, म्हणजे जुना उघडणाऱ्याला नवी दिसेल.